समुद्रावरची जागल

२१ मे २०१८ च्या संध्याकाळी आमच्या घरी टीव्हीवर गोव्याची बातमी सुरू होती. 'तारिणी' नावाची शिडाची नौका पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आली होती. नौदलाच्या सहा महिला अधिकारी धक्क्यावर उतरत होत्या. २५४ दिवस, २१ हजारांहून अधिक सागरी मैल. आई खाटेवर बसून पाहत होती. तिने आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. बातमी संपल्यावर तिने एकच प्रश्न विचारला, "मंग राती जागलीले कोन रायते, बा?"

हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

झरी जामणी तालुका यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेलंगणाच्या सीमेवर आहे. सागाचे जंगल, कापूस, कोलामांचे पोड, खाली पैनगंगा. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर दोन्ही आमच्यापासून शेकडो किलोमीटर दूर. इथल्या माणसाने शिडाच्या शर्यतींवर लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. मी इतिहासाचा पदवीधर नाही. बारावीनंतर शेती केली, छोटे दुकान चालवले आणि मिळेल ते वाचत गेलो. पण जागल मला ठाऊक आहे.

ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी सांगतो. रानडुकरे आणि रोही रातोरात उभे पीक झोपवतात. म्हणून पीक निघेपर्यंत शेतात रात्रभर जागावे लागते. चार खांबांचे मचाण, खाली शेकोटी, वाजवायला तेलाचा रिकामा डबा आणि बॅटरी. जागलीला शक्यतो दोघे जातात. एक झोपतो, एक जागतो, मग पाळी बदलते. जागलीची कला डबा वाजवण्यात नाही. दुसरा जागा आहे म्हणून निर्धास्त झोपता येणे आणि आपल्या पाळीला कुणी न उठवता डोळे उघडणे, हीच ती कला.

आईच्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो तेव्हा कळले, की शिडाच्या जहाजावरचे जीवन याच प्रश्नाभोवती रचलेले असते.

चार तासांचा दिवस

जहाज रात्री थांबत नाही. भर समुद्रात नांगर टाकता येत नाही, वाराही झोपत नाही. त्यामुळे युरोपीय जहाजांवर फार पूर्वीपासून खलाशांचे दोन गट पाडत. एका गटाने चार तास पहारा करायचा, तोवर दुसऱ्याने झोपायचे. वेळ मोजायला अर्ध्या तासाची वाळूची घटिका असे. ती उलटली की घंटेचा एक टोला वाढे. आठ टोले पडले की पहारा संपला.

यात एक अडचण होती. दिवसाचे चोवीस तास चाराने भागले तर सहा पहारे होतात. सहा हा सम आकडा, त्यामुळे एका गटाच्या वाट्याला रोज मध्यरात्रीचाच पहारा येईल. यावर तोड काढली ती अशी : दुपारी चार ते रात्री आठ हा पहारा दोन-दोन तासांचा करून मधोमध तोडला. पहारे सात झाले आणि पाळी दररोज आपोआप फिरू लागली. वाईट वेळ सर्वांच्या वाट्याला सारखी यावी, यासाठी केलेली ही योजना आहे. आमच्याकडे कृषिपंपाची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री देतात, त्यामागचा हिशेब याच जातीचा.

या व्यवस्थेत आपली माणसे फार पूर्वीपासून होती. ब्रिटिश जहाजांवरच्या 'लष्कर' म्हणवल्या जाणाऱ्या हिंदी खलाशांत कोकणातले पुष्कळ होते. त्यांच्या दर्यावर्दी बोलीचा कोश थॉमस रोबक याने १८११ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध केला. सारंग हा खलाशांचा मुख्य, त्याच्या हाताखाली तांडेल, आणि सगळ्यांसाठी रांधणारा भंडारी. मराठी वाचकाला हे शब्द परके नाहीत. ते बोलणाऱ्या माणसांची नावे मात्र क्वचितच कुठे सापडतात. जहाजाच्या इतिहासात कप्तानाचे नाव राहते. मध्यरात्री जागणारा मोजणीत येतो, नावानिशी येत नाही.

मुंबईत घडलेली 'सुहेली'

महासागरी शर्यतींच्या आधुनिक इतिहासाचे एक मूळ मुंबईत आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण इंग्रज, ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होता. त्याने १९६० च्या दशकात मुंबईत स्वतःसाठी बत्तीस फुटांची नौका बांधून घेतली. ती सागवानाची. आपल्या सुतारांनी वाकस आणि सामता यांसारख्या हातहत्यारांनी ती घडवली. डिसेंबर १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली. इराणच्या आखातातल्या आग्नेय वाऱ्याचे 'सुहेली' हे नाव तिला दिले गेले.

सागाच्या प्रदेशातला माणूस म्हणून मला इथे थांबावेसे वाटते. सागात नैसर्गिक तेल असते. पाणी आणि वाळवी त्याला सहज खात नाहीत. ओकच्या लाकडातले आम्ल लोखंडी खिळे गंजवते, तो त्रास सागात नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेले 'त्रिंकोमाली' १८१७ मध्ये पाण्यात उतरले, ते सागवानी जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. 'सुहेली'चा साग नेमक्या कोणत्या जंगलातला, याच्या मागे मी लागलो नाही. आमचाच असावा असा मोह होतो, पण मोह म्हणजे पुरावा नव्हे.

१९६८ मध्ये लंडनच्या 'संडे टाइम्स'ने 'गोल्डन ग्लोब' शर्यत जाहीर केली : एकट्याने, कुठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा. नऊ जण निघाले. नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी फालमथहून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी परतला. शर्यत पूर्ण करणारा तो एकटाच. वाटेत पिण्याचे पाणी खराब झाले, त्याने पावसाचे पाणी धरले. रेडिओ बंद पडला आणि कित्येक महिने जगाला त्याचा पत्ता नव्हता. वाऱ्याच्या जोरावर आपोआप दिशा राखणारे सुकाणूचे यंत्र मोडले.

त्या यंत्राचे मोडणे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते. एकट्या माणसाच्या नौकेवर तेच यंत्र दुसऱ्या जागल्याचे काम करते. ते गेले म्हणजे तो खरोखरच एकटा झाला. पुढे त्याने शिडे अशी बांधली, की नौका स्वतःचा तोल राखून बहुतेक वेळ नीट जात राहील, आणि तुकड्यातुकड्याने झोप घेतली. याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्टने खोट्या जागा कळवून प्रदक्षिणा केल्याचे भासवले. अखेर त्याची नौका अटलांटिकमध्ये रिकामी सापडली. ती रिकामी असली तरी त्याच्या वह्या तिच्यात होत्या. एकटेपणात मन कसे सुटत जाते ते त्यांत दिसते. नॉक्स-जॉन्स्टनने आपले पाच हजार पौंडांचे बक्षीस क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले.

एकट्याने जागण्याबद्दल मला जे म्हणायचे आहे त्यात माझा स्वतःचा भाग आहे. मी सतरा वर्षांचा असताना ज्वारी हुरड्याला आली होती. त्या रात्री बाबांसोबत जागलीची पाळी माझी होती. मी मित्रांबरोबर टुरिंग टॉकीजला गेलो. बाबा एकटेच गेले. पहाटे मचाणाखालच्या खोपीत ते सापडले. मण्यार चावली होती. मण्यारीचा दंश झोपेत पुष्कळदा कळतच नाही, अंग जड होत जाते आणि ते पाहणारा दुसरा कुणी लागतो. घरात यावर कधीच कुणी मला बोलले नाही. आईने २०१८ साली टीव्हीसमोर विचारलेला प्रश्न मी कोणत्या कानांनी ऐकला असेल, ते वाचकांनी समजून घ्यावे.

एका बिछान्याचे दोन मालक

गोल्डन ग्लोबनंतर पाच वर्षांच्या आत चमूची शर्यत सुरू झाली. ८ सप्टेंबर १९७३ रोजी पोर्ट्समथहून 'व्हिटब्रेड' शर्यत निघाली : केप टाऊन, सिडनी, रिओ द जानेरो आणि परत पोर्ट्समथ. हीच पुढे 'व्होल्वो ओशन रेस' झाली. २००८ मध्ये ती कोचीला येऊन गेली.

पहिली शर्यत जिंकली ती मेक्सिकोच्या 'सायुला' या नौकेने. तिचा मालक रामोन कार्लिन हा कपडे धुण्याची यंत्रे बनवणारा उद्योजक. त्याच्या चमूत बायको, मुलगा आणि नात्यातली तरुण पोरे होती. दक्षिण महासागरात ही नौका लाटेने उलटली, माणसे जखमी झाली, आणि तरीही ती सावरून पुढे गेली. पण त्याच शर्यतीत पॉल वॉटरहाउस, डॉमिनिक गिए आणि बर्नी होस्किंग असे तिघे वेगवेगळ्या नौकांवरून समुद्रात पडून गेले. डेकवर काम करताना कमरेचा किंवा छातीचा पट्टा दोरीने नौकेला अडकवून ठेवायचा, हा नियम आज इतका काटेकोर का पाळतात, हे यावरून लक्षात येते. रात्री थंड पाण्यात पडलेल्या माणसाचे डोके लाटांत काही क्षणांतच दिसेनासे होते.

अशा नौकेवरच्या दिवसाचे वर्णन वाचताना पहिली गोष्ट जाणवते ती ओल. डेकवरून लाटा धावतात, आत भिंतींवर बाष्प जमते, कपडे वाळत नाहीत. ओले मोजे अंगाच्या उबेने सुकवावेत म्हणून पोटाशी घेऊन झोपायचे. नौका दिवसेंदिवस एका कुशीवर कललेली असते. बिछान्याला कापडाची कड बांधलेली असते, नाहीतर माणूस झोपेत खाली पडेल. चूल पाळण्यासारखी टांगलेली असते, नौका कलली तरी भांडे सरळ राहते. वजन वाचवायचे म्हणून बिछाने माणसांपेक्षा कमी. पहाऱ्यावरून उतरलेला माणूस, पहाऱ्यावर गेलेल्याच्या उबदार बिछान्यात शिरतो. इंग्रज खलाशी त्याला ऊन बिछाना म्हणतात. आमच्या मचाणावर गोधडी एकच असे, त्यामुळे हे मला समजावून घ्यावे लागले नाही.

अन्न आता पाणी काढून वाळवलेले असते. गरम पाणी घातले की भात होतो. समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र असते. ते बिघडले तर शर्यत बाजूला राहते आणि पाण्याचा हिशेब सुरू होतो. अंघोळ म्हणजे पावसाची सर. अशा स्थितीत भांडण कशावरून होते? शिडांच्या निवडीवरून होते, पण त्याहून अधिक कुणी पाच मिनिटे उशिरा उठला यावरून. पाच मिनिटे म्हणजे दुसऱ्याच्या झोपेतली चोरी.

आणि या सगळ्यांत रांधणारा. १९८५-८६ च्या व्हिटब्रेड शर्यतीत ट्रेसी एडवर्ड्स ही तरुणी एका नौकेवर स्वयंपाकीण म्हणून होती. मुलींना चुलीपलीकडे घेत नसत. १९८९ मध्ये तिने जुनी नौका विकत घेऊन दुरुस्त केली, 'मेडन' नाव ठेवले आणि बारा बायकांचा चमू घेऊन तीच शर्यत केली. दोन टप्पे आपल्या गटात जिंकले, एकूण गटात दुसरी आली. रोबकच्या काळातल्या भंडाऱ्याला ही संधी नव्हती. पण ज्याने सर्वांना खाऊ घातले त्याला नौका आतून कळलेली असते, हे एडवर्ड्सच्या उदाहरणावरून म्हणता येईल.

विंचुर्णी, दिवाडी आणि पुढे

आता आपल्याकडे. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी १९७१ च्या युद्धात 'कामोर्ता'चे कप्तान होते, वीरचक्राचे मानकरी. निवृत्तीनंतर ते सातारा जिल्ह्यात फलटणजवळ विंचुर्णीला राहिले, म्हणजे तेही समुद्रापासून लांबच. भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना त्यांनी धरून ठेवली. नौदलाने २००६ मध्ये ती उचलली. कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. शिकायला ते गेले ते नॉक्स-जॉन्स्टनकडेच. तो तेव्हा वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी पुन्हा एकट्याच्या जागतिक शर्यतीची तयारी करत होता. मुंबईच्या सुतारांनी घडवलेली विद्या अशी एका फेऱ्याने परत आली.

नौका बांधली गोव्यात दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात. लांबी ५६ फूट, नाव 'म्हादेई', मांडवीचे मूळ नाव. मी २०१९ मध्ये जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडीला गेलो. बेटावर भातशेते आहेत. पाण्यावर तरंगणारे काही बांधण्याआधी माणसे चिखलात पाय रोवून भात लावतात, हे पाहून मला परकेपणा वाटला नाही.

दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले, चार बंदरांत थांबून १९ मे २०१० ला परतले. अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ अशी न थांबता प्रदक्षिणा केली. टॉमी २०१८ च्या नव्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले ते दिवाडीलाच बांधलेल्या 'सुहेली'च्या प्रतिकृतीतून. २१ सप्टेंबरला हिंदी महासागरात वादळाने डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर मार बसला. हलता येत नव्हते, जवळ कुणी नव्हते. तीन दिवसांनी फ्रेंच जहाज पोहोचले. हेच टॉमी २०२३ मध्ये त्या शर्यतीत दुसरे आले.

एकट्या वीरांची ही यादी शाळेच्या फळ्यावर लिहिली जाते आणि लिहिली जावी. मात्र 'म्हादेई' चमू घेऊनही धावली. केप टाऊन ते रिओ ही १९७१ मध्ये सुरू झालेली शर्यत, साधारण साडेतीन हजार सागरी मैलांची. पहिल्या खेपेला सर्वांत आधी पोहोचलेल्या 'ओशन स्पिरिट'वर नॉक्स-जॉन्स्टन होता, या वेळी चमूसह. 'म्हादेई' २०११ आणि २०१४ च्या शर्यतींत होती. २०१४ मध्ये सुरुवातीलाच वादळाने ताफा गाठला, अंगोलाच्या नौकेवरचा एक खलाशी दगावला, पुष्कळ नौका परत फिरल्या.

मग 'तारिणी'. वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, बी. ऐश्वर्या, एस. विजया देवी आणि पायल गुप्ता. जोशी आडनाव पाहून आमच्याकडे त्यांना मराठी समजले, पण त्या उत्तराखंडच्या. विजया देवी मणिपूरच्या, जामवाल हिमाचलच्या. म्हणजे यातल्या निम्म्याहून अधिक डोंगराळ मुलखातल्या, समुद्रापासून दूर वाढलेल्या. ही शर्यत नव्हती, पण मार्ग तोच होता : फ्रीमँटल, लिटलटन, केप हॉर्नला वळसा, पोर्ट स्टॅन्ली, केप टाऊन. प्रशांत महासागरात वादळ आले. अखेरच्या टप्प्यात सुकाणूचे यंत्र बिघडले आणि मॉरिशसला पोर्ट लुईमध्ये थांबावे लागले. १९६८ मध्ये 'सुहेली'वर जे मोडले त्याच जातीचे संकट. फरक एवढा, की इथे सुकाणू सांभाळायला बारा हात होते.

'तारिणी' २०२३ च्या केप टाऊन-रिओ शर्यतीतही उतरली. त्या चमूत दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकारी होत्या. पुढे २ ऑक्टोबर २०२४ ला दोघीच 'तारिणी' घेऊन गोव्याहून निघाल्या आणि २९ मे २०२५ ला प्रदक्षिणा पूर्ण करून परतल्या. चमूचा सर्वांत लहान आकार दोन. एक झोपते, एक जागते.

झटका मशीन

आज नौकांवर स्वयंचलित सुकाणू आहे. दुसरे जहाज जवळ आले की घंटा वाजवणारी उपकरणे आहेत. आमच्या शेतांनाही आता सौर कुंपण आले. त्याला सगळे झटका मशीन म्हणतात. तारेला डुक्कर लागले की झटका बसतो आणि भोंगा वाजतो. तरी समुद्रावरचा पहारा संपलेला नाही आणि आमची जागलही. तारेवर फांदी पडते, ढगाळ दिवसांत बॅटरी उतरते. यंत्र ओरडते, पण उठून काय झाले ते पाहायला माणूस लागतो.

महासागरी शर्यतींचा इतिहास बहुतेक घड्याळावर लिहिला गेला आहे : किती दिवस, कोण पहिला. तो झोपेच्या वाटणीवरही लिहिता येईल. कुणी कुणासाठी किती जागून काढले, वाईट वेळ कशी वाटून घेतली, आणि ज्या नौकांवर ही वाटणी मोडली तिथे काय झाले. मला मिळालेल्या पुस्तकांत या गोष्टी समासात, एखाद्या वाक्यात येतात. त्या वेचून एकत्र ठेवाव्यात, एवढेच या लेखात केले आहे.

मे २०२५ मध्ये दोघी परतल्याची बातमी मी आईला वाचून दाखवली. तिने दोन बोटे वर केली आणि विचारले, "दोघीच?" मी म्हटले, दोघीच. ती म्हणाली, "दोघी पुरे. एकटीले नाई धाडाव."

या हंगामात ज्वारी पुतण्याने पेरली आहे. त्याच्याकडे झटका मशीन आहे, तरी हुरडा धरला की तो रात्री शेतात जाईल. दुसरी पाळी माझी आहे.